ताईचा आवाज आणि खोकणारी आजी

५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आधी गुन्हा कबूल करतो, बाकीचं मग. तू बाबांना रोज फोनवर जो बोलका निरोप पाठवतेस ना, तो बाबांच्या आधी मी ऐकतो. गेला महिनाभर हे चाललंय. "कार्ट्याला जरा धाकात ठेवा, अजून बारावी सुटेना त्याची" हेही ऐकलं. राग नाही आला. खोटं, आला, पण गिळला.

आता का ते सांगतो. बाबांना ऐकू येत नाही. तुला वाटतं तसं "जरा कमी" नाही. वखारीतली करवत एवढी वर्षं कानाशी किंचाळतेय, तिने लाकडाबरोबर कानही कापले. पण कबूल कोण करणार? त्यांच्या मते सगळं जग पुटपुटतं. वाणी पुटपुटतो, शेजारीण पुटपुटते, दारावरची घंटासुद्धा हल्ली पुटपुटायला लागलीय. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, आधी तू जिभेच्या डॉक्टरकडे जाऊन ये.

एक दिवस त्यांचा डबा द्यायला गेलो. जेवणाच्या सुट्टीत करवत बंद असते तेव्हा ते ओंडक्यावर बसून तुझा निरोप ऐकतात. गेलो तर फोन कानाला आणि मान डुलतेय. जवळ जाऊन बघतो तर निरोप कधीच संपलेला. मला बघून म्हणाले, मजेत आहे ती. काय म्हणाली विचारलं, तर म्हणे मजेत आहे म्हणाली. ताई, त्या दिवशी तू सांगितलं होतंस की बसमध्ये तुझी छत्री चोरीला गेली.

आधी हसू आलं. मग घरी येईपर्यंत काहीच आलं नाही.

फोनचं बटण शेवटपर्यंत दाबून झालेलं, त्यापुढे बटण जात नाही. मग विचार केला, बटण सोडा, निरोपच मोठा करू. दुकानात फोन दुरुस्त करता करता मी व्हिडिओ बघून प्रोग्रॅम लिहायला शिकलोय, हे तुला माहीत नसेल, कारण तू माझ्याबद्दल फक्त बारावी विचारतेस. तर मी बाबांसाठी एक छोटं ॲप बनवलं. फोनच्या लेखी आवाज म्हणजे नुसते आकडे. प्रत्येक आकड्याला दोनाने गुणलं की आवाज मोठा. मला वाटलं, झालं, सोपंय, आणि मी सरळ दहाने गुणलं. तुझं पहिलंच "बाबा" असं फाटून बाहेर आलं की फोन उडून भुशात पडला आणि हमालांनी कामं टाकून दात काढले. बाबा मात्र खूश. म्हणाले, पोरीचा घसा कसा खणखणीत आहे.

मग कळलं की आकड्यांना डोक्यावर छप्पर असतं. आकडा त्याच्या वर गेला की डोकं आपटतं आणि आवाज फाटतो. म्हणून आता ॲप आधी अख्खा निरोप तपासतं, सगळ्यात मोठा आकडा शोधतं, आणि तो छपराला टेकेल एवढंच सगळं वाढवतं. तू हळू बोल, जोरात बोल, बाबांच्या कानात रोज एकाच उंचीचा आवाज पडतो. तुझा निरोप नीट ऐकला की माणूस संध्याकाळपर्यंत शीळ घालत लाकूड कापतो. त्यांचा दिवस त्याच्यावर चालतो, ताई, म्हणून बंद कर म्हणू नकोस. आणि त्यांना सांगू तर मुळीच नकोस. कान ठणठणीत आहेत असंच वाटू दे त्यांना.

पत्र लिहितोय कारण तूच म्हणालीस, फोनवर तू नुसता अंगठा दाखवतोस. शिवाय फोनवर लिहिलेलं बाबा वाचतात. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत.

तुझा भुंग्या

१३ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

दुसऱ्याचे निरोप ऐकणाऱ्याच्या कानाखाली काढायला हवी. पण हात पोचत नाही म्हणून वाचलास. आणि पत्रात एकही शब्द खोडलेला नाही, हे बघून तर मी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं की नक्की तुझंच ना.

खरं सांगू? तेवढा भाग मी तीनदा वाचला. बाबा मान डोलवत होते तो. ठेव तुझं ॲप चालू. मी काही बोलणार नाही.

एक विचारायचं होतं. तू आवाज वाढवतोस तेव्हा फक्त माझा वाढतो, की मागचं सगळंच वाढतं? मी हल्ली वॉर्डातूनच निरोप पाठवते. रुग्ण झोपलेले असतात म्हणून हळू बोलावं लागतं. मागे यंत्रं वाजत असतात, कुणी कण्हत असतं. ते बाबांच्या कानात जायला नको.

माझ्या ड्युट्या सध्या फार विचित्र लागतायत. फोन उचलला नाही तर चिडू नकोस.

बारावीचं मी विचारतच राहणार.

तुझी ताई

२ मार्च

प्रिय ताई,

सगळंच वाढतं. माझं ॲप माणूस बघत नाही, आकडा बघतं. त्याला तू आणि तुझ्या वॉर्डातली ढकलगाडी सारखीच.

पण तू घाबरतेस तसं काही नाही, उलट बाबांना मजा येते. त्यांना आता तुझा अख्खा वॉर्ड पाठ झालाय. ते टिक टिक करणारं यंत्र, ती चाक वाजणारी गाडी. कालपासून चाक वाजत नाही, कुणीतरी तेल घातलेलं दिसतंय, असं म्हणाले. हमालांना रुबाबात सांगतात, माझी मुलगी एवढ्या गडबडीत उभी राहून काम करते आणि वर मला निरोप पाठवते, तुमची पोरं बघा.

आणि तुमच्याकडची ती खोकणारी आजी! (खोकल्यावरून बाबांनीच तिला आजी ठरवलंय.) तिच्यामुळे मी मेटाकुटीला आलोय. तुला सांगितलं ना, ॲप सगळ्यात मोठा आकडा शोधतं म्हणून. तो आकडा आजकाल रोज त्या आजीचाच निघतो. तिचा खोकला छपराला टेकतो, आणि तू बिचारी खाली राहतेस ती राहतेस. ॲपला वाटतं आवाज पुरेसा मोठा आहे, कशाला वाढवू. दोन दिवस बाबांना नुसता खोकला ऐकू आला. मग मी खास आजीसाठी प्रोग्रॅम लिहिला. खोकला आला की तेवढा तुकडा दाबायचा, आणि उरलेल्या तुला वर उचलायचं. पूर्ण दाबला नाही, कारण बाबांना तिची सवय झालीय. परवा मला विचारत होते, त्या आजीला काही औषध देतात की नाही.

दुसरं, तुझा फोन बदल. आधी तुझा आवाज दुप्पट केला की भागायचं. आता पाचपट करावा लागतो. माइकच्या भोकात धूळ बसली असणार. सोबत मऊ केसांचा छोटा ब्रश पाठवतोय, दुकानातून ढापला आहे. हळूच फिरव, टाचणी घालू नकोस.

तुझा भुंग्या

११ मार्च

प्रिय भुंग्या,

ब्रश मिळाला. फिरवला. फोन जुनाच आहे, फार फरक पडेल असं वाटत नाही.

आजीबद्दल वाचून हसले. हो, आहे एक आजी, चार नंबरच्या पलंगावर. माझ्याच शेजारी असते, म्हणजे मी तिच्या पलंगाजवळ टेबलाशी बसून निरोप बोलते. औषध चालू आहे म्हणून सांग बाबांना. स्वभावाने खट आहे. ऐकत नाही कुणाचं.

तिचा खोकला पूर्ण दाबता आला तर बघ. आणि मागची यंत्रंसुद्धा. रुग्णांच्या गोष्टी बाहेर जाऊ नयेत, एवढंच. जमेल ना तुला? जमेल. तू लहानपणी माझ्या शाळेची घंटा अर्धा तास आधी वाजवली होतीस, त्यापेक्षा हे सोपं असेल.

लांब लिहायला वेळ नाही. बाबांना सांभाळ.

तुझी ताई

२८ मार्च

ताई,

तू सांगितलंस म्हणून खोकला पूर्ण काढायला बसलो. तो नीट काढायचा तर आधी नीट ऐकावा लागतो. दुकानातला मोठा हेडफोन लावला आणि तुझे जुने निरोप एकापुढे एक ऐकले, न वाढवता, जसे आले तसे.

मी बारावी नापास असलो तरी एवढं कळतं की जे माइकच्या जवळ असतं त्याचा आकडा मोठा येतो. शेजारच्या पलंगावरची बाई तोंडाशी फोन धरलेल्या बाईपेक्षा मोठी कशी वाजेल? रोज? आणि ती आजी तू वाक्य संपवलंस की खोकते, तू बोलत असताना कधीच खोकत नाही. एकदासुद्धा नाही. मी दोन-दोन वेळा बघितलं. तिचा खोकला सुरू व्हायच्या आधी तूच श्वास घेतेस.

चार नंबरवर आजी नाही. तू आहेस.

मला स्वतःचीच लाज वाटतेय. आधी दुप्पट, मग तिप्पट, मग पाचपट. रोज ॲप मला सांगत होतं आणि मी तुला ब्रश पाठवत होतो. मी बाबांसाठी रोज तुझा आवाज एका उंचीला आणून ठेवला, म्हणून तो खाली चाललाय हे घरात कुणालाच कळलं नाही. मीच कळू दिलं नाही.

काय झालंय ते लिही. आणि मी बाबांना सांगून त्यांना घेऊन येतोय, तू नाही म्हणालीस तरी.

भुंग्या

४ एप्रिल

प्रिय भुंग्या,

अक्षर वेगळं दिसेल. मी सांगतेय आणि माझ्याबरोबर काम करणारी सिस्टर लिहून घेतेय. तिच्यासमोर तुझी स्तुती करावी लागतेय, म्हणून जास्त करत नाही.

हो. चार नंबर माझाच. छातीत गाठ आहे. कापता येत नाही अशा जागी बसलीय. तू ॲप बनवलंस त्याच्या आधीपासून आहे, तेव्हा स्वतःला दोष देणं बंद कर. जिथे मी सलाइन लावायचे त्याच वॉर्डात आता मला लावतात. सुई टोचायला सगळ्या मलाच घाबरतात.

आता ऐक. बाबांना सांगायचं नाही. आई आजारी होती तेव्हा तू फार लहान होतास. बाबा सकाळी तिच्याजवळ बसून कामावर जायचे. अंग करवतीपुढे आणि जीव घरी. तिचं दुखणं वाढलं त्याच आठवड्यात त्यांची दोन बोटं गेली. तुला वाटतं ती अशीच गेली, वखारीत सगळ्यांची जातात तशी. तशी नव्हती गेली. तेव्हा दोन बोटांवर भागलं. मी इथे पडल्या पडल्या रोज त्या करवतीचा विचार करते. त्यांना कळलं तर ते उद्याही तिच्यापुढे उभे राहणार, आणि त्यांचं लक्ष इथे असेल.

माझी सुटका आहे की नाही ते मला माहीत आहे, मी याच कामातली आहे. पण मी आहे तोवर बाबांना त्यांचा निरोप मिळाला पाहिजे. मी जमेल तेवढं बोलेन. तू जेवढा वाढवावा लागेल तेवढा वाढव. खोकला काढ. मला आधीसारखी ठेव त्यांच्या कानात. शपथ घालते तुला. त्यांना तू सांगायचं नाहीस.

तुझी ताई

२३ एप्रिल

ताई,

हे पत्र तुझ्या सिस्टरच्या हाती आत पाठवतोय. पूर्ण वाच, मग जो गोंधळ घालायचा तो घाल.

आम्ही खाली आहोत. मी आणि बाबा.

मी शपथ मोडली नाही. त्यांना आपलं आपण कळेपर्यंत मी एक अक्षर सांगितलेलं नाही. जे केलं ते सांगतो.

तुझं पत्र आल्यावर मी तू म्हणालीस तेच करत राहिलो. रोज खोकला काढायचा, मधली शांतता कापायची, आणि उरलेलं वाढवायचं. पाचपट, आठपट. पण ताई, एवढं वाढवलं की तू कमी आणि खरखर जास्त येते. मग खरखर काढायला गेलो तर तिच्याबरोबर तूही निघून जायला लागलीस. गेल्या आठवड्यातल्या निरोपात उरलं काय, तर "बाबा, जेवलात का" एवढंच, तेही पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं. बाबा म्हणाले, आज घाईत होती वाटतं. आणि शीळ घालत कामाला लागले.

ती शीळ मला ऐकवेना. मी आजवर सगळ्यांना बनवलंय. मास्तरांना, दुकानवाल्या काकांना, तुला. पण त्यात शेवटी समोरचा हसायचा तरी. इथे बाबा शीळ घालत होते आणि तू तिकडे संपत चालली होतीस, आणि दोघांच्या मधे मी बसलो होतो, गुणाकार करत.

म्हणून काल मी काहीच केलं नाही. वाढवलं नाही, कापलं नाही. तू जसा पाठवलास तसा निरोप जाऊ दिला. जेवणाची सुट्टी, करवत बंद, बाबा ओंडक्यावर. मी समोर उभा. त्यांनी फोन एका कानाला लावला, मग दुसऱ्याला. बटण दाबून बघितलं. मला म्हणाले, फोन बिघडलाय, बघ जरा. मी म्हटलं, फोन चांगला आहे. मग त्यांनी डोळे मिटले आणि फोन कानात रुतवल्यासारखा धरला. खोकला तेवढा ऐकू आला त्यांना. तोच मोठा होता ना.

निरोप संपला तरी डोळे मिटूनच होते. मग विचारलं, "ती आजी म्हणजे आपलीच का?"

मी गप्प राहिलो. ताई, हे सांगणं नाही. गप्प राहणं म्हणजे सांगणं असेल तर मग तूही त्यांना केव्हाच सांगितलंस.

मला वाटलं होतं ओरडतील, रडतील. ते उठले, करवतीपाशी गेले आणि तिच्या मोटरची वायर काढून हातावर गुंडाळायला लागले, जशी महिन्याभराच्या सुट्टीआधी गुंडाळतात तशी. मालक धावत आले, दुपारची पाळी कोण करणार म्हणून. बाबांना ते काही ऐकू आलं नाही, किंवा आलंही असेल. गुंडाळलेली वायर मालकांच्या हातात दिली आणि चालायला लागले. बोटांचं तुझं गणित चुकलं, ताई. ते दुसऱ्या वेळी करवतीपुढे उभे राहिलेच नाहीत.

बसमध्ये आधी दोघांची तिकिटं काढली. मग कधीपासून विचारलं. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, आता लपवायला उरलं काय होतं. आवाज मी वाढवत होतो हेही सांगितलं. म्हटलं आता बसते कानाखाली. तर म्हणाले, म्हणजे मी बहिरा आहे. मी म्हटलं, हो बाबा. खिडकीबाहेर बघत म्हणाले, बरं झालं सांगितलंस, उपयोगी पडेल.

मला कळेना बहिरेपण कशाला उपयोगी पडणार. ते आता खाली कळलं. मला दटावून सांगितलंय त्यांनी. ते तुला म्हणणार आहेत की कान तपासायला आलोय, मोठं हॉस्पिटल आहे, म्हटलं मुलगी आहे तिथेच दाखवू. तू पलंगावर दिसलीस की आश्चर्य वाटल्यासारखं करणार आहेत, आणि तू साधा खोकला म्हणालीस तर तेही मानणार आहेत. नाटक त्यांना अजिबात जमत नाही, बघशीलच. मी विचारलं, हे सोंग कशाला? तेव्हा म्हणाले, "तिला कळलं की मला सगळं माहीत आहे, तर ती मलाच सांभाळत बसेल. तिला थोडे दिवस कुणाला सांभाळायला लागू नये."

म्हणून हे घाईघाईने लिहितोय. कारण मला तूही माहीत आहेस. ते आत आले की तू उठून बसशील, घसा ताणून आधीसारखं बोलायला जाशील. तसं करू नकोस. तुझ्याजवळ आता जेवढा आवाज आहे तेवढ्यातच बोल. माझं ॲप आणलेलं नाही. फोन घरी चुलीशेजारी ठेवून आलोय. ते वाकतील, कान तुझ्या तोंडाशी आणतील, मग बोल. आणि बोलायला जमलं नाही तर बोलू नकोस. पुष्कळ निरोप दिलेस.

आत्ता ते नळावर तोंड धुतायत आणि केसातला भुसा झाडतायत. तुला खोकला येईल म्हणून. बसमध्येही झाडत होते, संपतच नाही तो. अजून वेळ आहे, तेवढ्यात वाच.

त्यांनी कानाचं सांगितलं की तू खरं मान. कधीपासून त्रास होतोय, कुठला कान, असं सिस्टरसारखं विचार. आणि हे पत्र उशीखाली ठेवू नकोस, सिस्टरकडे परत दे, फाडायला सांग. मी तुझ्यापाशी आधीच सगळं फोडलं हे त्यांना कळता कामा नये. आजवर घरात मी इकडचं तिकडे खूप केलंय, तू दरवेळी माझं नाव सांगितलंस आणि मी मार खाल्ला. ते सगळं माफ. पण एवढं एक कुणाला सांगू नकोस, ताई. बाबांना नको, सिस्टरला नको, कुणालाच नको. पाया पडतो तुझ्या.

ते येतायत.

भुंग्या